बिलावर नाव आहे म्हणून गुन्हेगार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर मी इथं म्युनिकमध्ये मोबाईलवर रोज वाचते आणि परदेशी शिक्षणाची पुरवणी असली की ती आधी उघडते, कारण दरवर्षी ऑक्टोबर आला की आपल्याकडची पोरं इथं येऊन धडकतात, पुण्याची, नाशिकची, सांगलीची, आणि त्यातली चार-पाच तरी आमच्याकडे जेवून जातात. पुरवणीत ब्लॉक्ड अकाउंट, व्हिसाची अपॉइंटमेंट, थंडीचे कपडे, कुकर न्यायचा की नाही इथपर्यंत सगळं असतं. इंटरनेटचं कनेक्शन आपल्या नावावर असलं की दुसऱ्यानं चोरून उतरवलेल्या सिनेमाच्या पैशांची मागणी आपल्याकडे येते, ही एक गोष्ट मात्र मला आजवर कधी वाचायला मिळाली नाही आणि तिच्यापायी मी जवळजवळ दर हिवाळ्यात एखाद-दुसरं पोर डोळ्यात पाणी आणून माझ्या स्वयंपाकघरात बसलेलं बघते. म्हणून हे पत्र. लांब झालंय पण कापू नका अशी विनंती.

गेल्या डिसेंबरात एक मुलगा आला, मास्टर्सचं पहिलंच सेमिस्टर, हातात जाड पाकीट. वकिलांच्या एका फर्मचं पत्र, बरीच पानं, सगळं जर्मनमध्ये, आणि त्यात एका सिनेमाचं नाव, तारीख, वेळ अगदी सेकंदापर्यंत आणि एक आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा त्या कनेक्शनचा नंबर. तुमच्या कनेक्शनवरून हा सिनेमा इंटरनेटवर इतरांना वाटला गेला, तेव्हा नऊशेच्या वर युरो भरा आणि सोबतच्या कागदावर सही करून दहा दिवसांत पाठवा. आता हे नऊशे म्हणजे किती ते बघा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ हातात येतात, त्यातच भाडं, त्यातच हेल्थ इन्शुरन्स, त्यातच किराणा. म्हणजे एका पाकिटात पोराचा अख्खा महिना गेला.

आणि त्यानं तो सिनेमा बघितलेलाच नव्हता. फ्लॅटमध्ये चौघं राहतात, इंटरनेटचं कॉन्ट्रॅक्ट ह्याच्या नावावर, का तर पत्त्याची नोंदणी आणि बँकेचं खातं ह्याचं आधी झालं होतं. एका वीकेंडला दुसऱ्या शहरातून कुणाचा तरी मित्र आला, सोफ्यावर झोपला, वायफायचा पासवर्ड घेतला आणि रात्री लॅपटॉपवर सिनेमा लावला. सहा आठवड्यांनी पाकीट आलं ते ज्याचं नाव बिलावर होतं त्याच्या नावानं. आठवडाभर त्यानं घरी सांगितलं नाही, कारण वडिलांनी एफडी मोडली असती. व्हिसा जाईल का, कॉलेजला कळेल का, पोलीस येतील का, हे तीन प्रश्न त्यानं मला पायातले बूट काढायच्या आधी विचारले.

ह्या पत्राला इथं आबमानुंग म्हणतात. आपल्याकडच्या पोरांना हा शब्द जर्मन शिकताना कुणी शिकवत नाही, तो पोस्टमनच शिकवतो.

मला एवढी कळकळ का, तर हे आमच्याही घरी झालंय. २०१३ च्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेचा मुलगा नाशिकहून महिनाभर राहायला आला होता, इंजिनिअरिंग संपलेलं, नोकरी लागायची होती, गुणी पोर. त्याच्या लॅपटॉपवर टोरेंटचं सॉफ्टवेअर होतं, तिकडे सगळ्यांच्याच असायचं, आणि तो इथं आमच्या वायफायला जोडला. तो परत गेल्यावर पाकीट आलं, माझ्या नवऱ्याच्या नावानं. साडेनऊशेच्या आसपास रक्कम. फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "मामी, मी कुणाला काही वाटलं नाही गं, मी तर नुसतं बघत होतो." खोटं नव्हता बोलत तो. टोरेंट म्हणजे काय हे त्याला माहीतच नव्हतं, आणि मला तरी कुठं माहीत होतं.

तर ते आधी सांगते, कारण सगळं तिथंच आहे. टोरेंटवर सिनेमा एका ठिकाणाहून येत नाही, त्याचे हजारो तुकडे असतात आणि ते शेकडो लोकांच्या कॉम्प्युटरवरून येतात, आणि तुमच्याकडे एक तुकडा पोचला की तुमचा कॉम्प्युटर तोच तुकडा लगेच दुसऱ्याला द्यायला लागतो. तुम्ही बघत असता पण त्याच वेळी वाटतही असता. खटला होतो तो ह्या वाटण्यावर. सिनेमा कंपन्यांनी नेमलेल्या फर्म त्याच घोळक्यात शिरतात, कुठल्या आयपीवरून तुकडा आला ते आणि वेळ टिपून ठेवतात. काही ॲप तर दिसायला अगदी साधी, पोस्टरवर क्लिक करा आणि बघा अशी, पण आतून टोरेंटच, आणि पोरांना वाटतं आपण काही डाउनलोड करतच नाही.

आता आयपी मिळाला, पण त्यावर नाव लिहिलेलं नसतं. नाव असतं फक्त इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे, त्या दिवशी त्या मिनिटाला हा नंबर कुठल्या ग्राहकाला दिला होता ते. इथं २००८ पासून कायदा आहे की वकिलांनी कोर्टात अर्ज करायचा, कोर्टानं परवानगी दिली की कंपनीनं नाव-पत्ता द्यायचा. कंपनीकडे ह्या नोंदी थोडेच दिवस राहतात, बऱ्याच ठिकाणी आठवडाभरच, म्हणून वकील घाईत असतात, आणि अशा अर्जात एका वेळी नंबरांची लांबलचक यादी असू शकते. ह्या सगळ्यात ज्याचं नाव जाणार त्याला कुणी एका शब्दानं विचारत नाही. तो दर महिन्याला बिल भरतो, कंपनी त्याला सणासुदीला ऑफरचे ईमेल पाठवते, पण तुझं नाव आम्ही अमुक फर्मला दिलंय हे सांगत नाही. त्याला कळतं ते पाकीट आल्यावर. मला राग येतो तो ह्याचा. कोर्टाचा आदेश पाळू नका असं मी म्हणत नाही, पाळावाच लागतो, पण आपल्या ग्राहकाला दोन ओळी लिहायला कुठला कायदा आडवा येतो?

२०१३ ला आम्ही काय केलं, तर घाबरून भरले. नवऱ्याची पर्मनंट रेसिडेन्सची फाईल चालू होती, उगाच कागदोपत्री काही नको म्हणून सप्टेंबरात पैसे भरले आणि सोबतच्या कागदावर सहीसुद्धा केली. दोन्ही चुकलं. पैसे भरून महिना झाला नाही तोच, ऑक्टोबर २०१३ मध्ये, इथं कायदा बदलला आणि पत्र आलेल्या खाजगी माणसाकडून वकिलाची फी किती लावायची ह्याला लगाम आला. नुकसानभरपाईला लगाम नाही आला, म्हणून पत्रं आजही नऊशेची येतात, पण निदान अर्धं तरी आवरलं. आणि ती सही? तो कागद म्हणजे मी पुन्हा असं कधीही होऊ देणार नाही, झालं तर दंड भरीन असा करार असतो आणि तो वर्षानुवर्षं मानेवर राहतो. फर्मनं स्वतःच्या सोयीनं लिहिलेला करार आम्ही स्वतःच्या किचन टेबलावर बसून सही करून दिला. नवरा अजून त्यावर बोलत नाही.

आणि मग मे २०१६ मध्ये कार्ल्सरूहच्या फेडरल कोर्टाचा निकाल आला. त्या केसमध्ये एका बाईंकडे त्यांची भाची आणि तिचा जोडीदार ऑस्ट्रेलियाहून आले होते, पाहुण्यांनी सिनेमा उतरवला, पत्र बाईंना आलं. कोर्ट म्हणालं, घरी आलेल्या सज्ञान पाहुण्याला किंवा एकत्र राहणाऱ्या सज्ञान माणसाला, काही संशयाचं कारण नसताना, बाबा रे बेकायदा काही करू नकोस असं आधी बजावायची कनेक्शनवाल्यावर जबाबदारी नाही. मी ती बातमी ट्रेनमध्ये वाचली. त्यांची भाची, आमचा भाचा. तीन वर्षं लवकर आला असता तो निकाल तर आमच्या घरात त्या सप्टेंबरात जे बोलणं झालं ते झालं नसतं, आणि माझ्या नणंदेनं ते पैसे परत पाठवायचा जो हट्ट धरला तोही धरला नसता.

त्याच्या आधीचे दोन निकाल पण पोरांनी नाही तरी आईबापांनी ऐकावेत असे आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका तेरा वर्षांच्या मुलाची केस होती, बाराव्या वाढदिवसाला बापाचा जुना कॉम्प्युटर मिळालेला, त्यावर हजाराच्या वर गाणी सापडली. आईबापांनी असलं करायचं नाही असं समजावलं होतं, एवढं पुरे, रोज त्याच्या मागे बसून पहारा करायची गरज नाही, असं कोर्टानं सांगितलं. जानेवारी २०१४ ला वीस वर्षांच्या सावत्र मुलाच्या केसमध्येही तसंच, सज्ञान मुलावर विश्वास ठेवणं हा काही दोष नाही. पण मार्च २०१७ ला उलटंही झालं. तीन मोठी मुलं, त्यातल्या कुणी केलं हे आईबापांना कळलं होतं पण नाव सांगायला ते तयार नव्हते, तर साडेतीन हजार युरोंच्या वर त्यांनाच भरावे लागले. त्या आईबापांचं मला वाईट वाटतं. कोर्टाचं म्हणणं कायद्यात बसत असेल, पण मुलाचं नाव वकिलाला लिहून द्यायचं की पैसे भरायचे, ही निवड एका वायफायपायी कुठल्याही घरावर येऊ नये.

म्हणजे मुद्दा एवढाच आहे. कनेक्शन एकाच्या नावावर असतं पण ते घराचं असतं. पाण्याचं बिल माझ्या नावावर आहे म्हणून नळाखाली कुणी काय धुतलं हे मला माहीत असायलाच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. इंटरनेटच्या बाबतीत मात्र सगळीकडे धरतात ते बिलावरच्या नावाला, कारण ते एकच नाव हाताशी असतं.

आणि नुसतं जर्मनीतच नाही. फ्रान्समध्ये २००९ ला कायदा केला की दोन इशारे आणि तिसऱ्या वेळी इंटरनेट बंद, आणि बंद करायचा अधिकार एका सरकारी कार्यालयाला. त्यांच्या घटना परिषदेनं जून २००९ मध्येच सांगितलं, असं चालणार नाही, इंटरनेट हा आज बोलण्या-लिहिण्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे आणि ते तोडायचं तर न्यायाधीशानं तोडायचं, ऑफिसनं नाही. मग सुधारलेला कायदा आला. आणि त्याखाली २०१२ ला पहिला दंड कुणाला झाला, तर एका माणसाला, १५० युरो, गाणी उतरवली होती त्याच्या बायकोनं, दोघांचा घटस्फोट चालू होता, आणि तिनं स्वतः येऊन सांगितलं की मी केलं. तरी दंड त्यालाच, कारण कनेक्शन त्याच्या नावावर आणि त्यानं ते नीट राखलं नाही. पुढच्या वर्षी एकाला पंधरा दिवस इंटरनेट तोडायची शिक्षा झाली आणि महिनाभरात, जुलै २०१३ ला, सरकारनं तोडायची शिक्षाच काढून टाकली. चार वर्षं एवढा गाजावाजा करून शेवटी हे.

आयर्लंडचं तर ऐकूनच मला घाम फुटला होता. तिथं २०१० मध्ये सगळ्यात मोठ्या इंटरनेट कंपनीनं म्युझिक कंपन्यांशी समझोता करून तीन इशाऱ्यांची पद्धत चालू केली आणि त्याच वर्षी ३०० च्या आसपास ग्राहकांना चुकीची पत्रं गेली. कारण काय, तर घड्याळ. युरोपात उन्हाळ्यातनं हिवाळ्यात जाताना घड्याळ एक तास मागं करतात ना, ते त्यांच्या सर्व्हरवर नीट झालं नव्हतं. आयपी नंबर तर ह्याच्याकडून त्याच्याकडे फिरत असतात, एक तास चुकला की शेजारच्याच्या चुकीचं पत्र तुमच्या दारात. पत्रात वेळ सेकंदापर्यंत छापलेली असते म्हणून आपण घाबरतो, एवढं नेमकं आहे म्हणजे खरंच असणार. घड्याळ चुकलं तर सेकंद काय कामाचे.

अमेरिकेत दुसरंच टोक. तिथं १९९८ च्या कायद्यानुसार कंपनीला वारंवार चुकणाऱ्या ग्राहकाचं कनेक्शन तोडायचं धोरण ठेवावं लागतं, नाहीतर कायद्याचं संरक्षण जातं. २०१३ ते २०१७ मोठ्या कंपन्यांनी मिळून सहा इशाऱ्यांची पद्धत चालवली, ती बंद पडली. कॉक्स नावाच्या कंपनीकडे तेरा पायऱ्यांचं धोरण होतं, पण ती ग्राहक तोडायला टाळाटाळ करते म्हणून म्युझिक कंपन्या कोर्टात गेल्या आणि डिसेंबर २०१९ ला ज्युरीनं १०,०१७ गाण्यांसाठी तब्बल १०० कोटी डॉलर भरायला सांगितले. वरच्या कोर्टानं फेब्रुवारी २०२४ मध्ये ती रक्कम रद्द केली आणि प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. कॉक्सचं म्हणणं होतं की एका कनेक्शनच्या मागे अख्खं हॉस्पिटल असतं, हॉस्टेल असतं, तोडायचं म्हणजे सगळ्यांचं तोडायचं. कॉक्स काही साधू नाही, पैसे येतात तोवर ग्राहक ठेवायचा हा त्यांचा हिशेब कोर्टात उघडा पडला. पण १०० कोटींची भीती दाखवली तर कुठलीही कंपनी उद्या नुसत्या आरोपावर कनेक्शन कापेल, आणि कापल्यावर त्या घरातल्या आजीचं डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं, मुलीचा क्लास, जावयाचं वर्क फ्रॉम होम सगळं एकदम गेलं, केलं कुणी तर वरच्या खोलीतल्या भाडेकरूनं.

मला त्यातल्या त्यात कॅनडाचं पटतं. तिथं जानेवारी २०१५ पासून असं आहे की कंपनीला तक्रार आली की तिनं ती ग्राहकाला पुढे पाठवायची, बास. नाव द्यायचं नाही, कोर्टानं मागितलं तरच. नोंद सहा महिने जपून ठेवायची. आणि सुरुवातीला लोक त्या नोटिशीतच पैशांची मागणी घुसडायला लागले तर २०१८ ला कायदा बदलून तेही बंद केलं. म्हणजे घरात पत्र येतं, आई विचारते हे काय रे, पोरगं शरमतं, सॉफ्टवेअर काढतं, विषय संपतो. इतकं साधं. आमच्या घरी २०१३ ला असं पत्र आलं असतं तर भाच्यानं त्याच दिवशी ते काढून टाकलं असतं, मी पैजेवर सांगते.

कुणी म्हणेल बाई चोरीची बाजू घेतेय. नाही घेत. इथं मराठी सिनेमा थिएटरमध्ये लावायचा म्हणजे मंडळातली चार माणसं नोकऱ्या सांभाळून रविवारी सकाळचा शो भाड्यानं घेतात, तिकिटं व्हॉट्सॲपवर खपवतात, दीडशे जण आले तर गंगेत घोडं न्हालं. आणि त्याच सिनेमाची चोरलेली कॉपी ग्रुपवर फिरत असते तेव्हा माझा जीव जळतो. मी प्रत्येक वेळी भांडते, काही लोकांनी माझं बोलणं टाकलंय त्यावरून. ज्यांनी घर गहाण ठेवून सिनेमा केला त्यांच्या ताटातलं आहे ते. पण हेही खरं की पुष्कळ मराठी सिनेमे इथं पैसे देऊन बघायला मिळत नाहीत, ॲप उघडलं की तुमच्या देशात उपलब्ध नाही अशी पाटी. चोरी त्यानं माफ होत नाही, पण निर्मात्यांनी इथल्या मराठी माणसाला कायद्याचं दार उघडून द्यावं हे मागणं चुकीचं आहे का?

आता भारताचं. आपल्याकडे कंपन्या ग्राहकाच्या मागे लागत नाहीत, आपल्याकडे साईट बंद करतात. २०१२ ला मद्रास हायकोर्टाच्या आदेशावरून कंपन्यांनी अख्ख्या अख्ख्या साईट बंद केल्या होत्या, ज्यात कायदेशीर व्हिडिओंच्या साईटपण होत्या, मग जूनमध्ये कोर्टालाच सांगावं लागलं की नेमकी लिंक बंद करा, अख्खी साईट नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये बंद साईट उघडली की पाटी यायची, ही लिंक बघणंसुद्धा गुन्हा, ३ वर्षं कैद आणि ३ लाख दंड. तेव्हा व्हॉट्सॲपवर नुसता हाहाकार. मग मुंबई हायकोर्टाचे न्या. गौतम पटेल ह्यांनी स्पष्ट केलं की नुसतं बघण्यात गुन्हा नाही, परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं-भाड्यानं देणं ह्यात आहे, आणि ती पाटी बदलायला लावली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे की नाही? कंपनीनं धमकी लिहिली होती ती कायद्यात होती त्यापेक्षा मोठी. २०१९ पासून दिल्ली हायकोर्ट असे आदेश देतं की एक साईट बंद केली आणि ती नवीन नावानं उगवली तर तीही त्याच आदेशाखाली बंद.

पण साईट बंद होऊन होऊन एक दिवस कुणाच्या तरी डोक्यात येणारच की आपणही ग्राहकाला धरू. तेव्हा काय होईल ते आत्ताच बघून ठेवा. माझ्या भावाकडे सांगलीला केबलवाल्याचं ब्रॉडबँड आहे, तिथं एकेका ग्राहकाला स्वतःचा वेगळा आयपी नसतोच, एकाच नंबरच्या मागे शेकडो घरं असू शकतात, मोबाईल नेटचंही तसंच. त्यातून नेमकं घर शोधायचं तर नुसता नंबर आणि वेळ पुरत नाही, पोर्ट नंबरसुद्धा (एकाच आयपीमागची घरं वेगळी ओळखायला वापरतात तो आकडा) लागतो आणि कंपनीची नोंद अचूक लागते. आयर्लंडमध्ये एक तास चुकला तर एवढं झालं. आणि नोंदीत सापडलं तरी कोण सापडणार, तर ज्याच्या आधारवर कनेक्शन घेतलं तो. गावाकडे किती घरांत कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर असतं, ज्यांना वायफायचा पासवर्डसुद्धा माहीत नसतो. माझ्या वडिलांच्या नावावर होतं, ते वारले तरी दोन वर्षं तसंच होतं.

म्हणून दूरसंचार खात्यानं असलं काही करायच्या आधी कॅनडासारखा साधा निरोप पाठवायचा नियम करावा, नाव फक्त कोर्टाच्या आदेशानं द्यावं आणि द्यायच्या आधी ग्राहकाला कळवून म्हणणं मांडायची संधी द्यावी, आणि आरोपावरून कनेक्शन तोडणं हे कंपनीच्या हातात कधीच ठेवू नये.

आणि इकडे येणाऱ्या पोरांसाठी, हे कृपया छापाच. विमानात बसायच्या आधी लॅपटॉपमधून आणि मोबाईलमधून टोरेंट काढून टाका, नुसतं बंद करू नका, काढा, कारण काही प्रोग्रॅम लॅपटॉप चालू झाला की आपोआप चालू होतात आणि नाशिकला अर्धवट राहिलेला सिनेमा म्युनिकला आल्यावर पूर्ण करायला घेतात. ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्यानं फ्लॅटमधल्या सगळ्यांना एकदा स्पष्ट सांगावं, ग्रुपवर लिहून ठेवलं तर अजून बरं. पत्र आलंच तर रडत बसू नका, फेकूनही देऊ नका. सोबतच्या कागदावर जशीच्या तशी सही करू नका, फर्मला फोन करून मी नाही माझ्या मित्रानं केलं वगैरे बोलत सुटू नका, आणि रात्री एक वाजता पैसे ट्रान्सफर करू नका. मुदत बघा, आणि मुदतीच्या आत ग्राहक सल्ला केंद्रात किंवा युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थी संघटनेकडे जा, बऱ्याच ठिकाणी वकिलाचा सल्ला फुकट किंवा अगदी थोड्या पैशात मिळतो. पिवळं पाकीट आलं तर मात्र ते बहुतेक कोर्टाकडून असतं, पैसे भरायचा आदेश असेल तर हरकत घ्यायला दोनच आठवडे असतात, ते सुट्टीत भारतात आहे म्हणून टेबलावर पडून राहता कामा नये. आणि व्हिसा जात नाही ह्यानं. हे दिवाणी पैशांचं भांडण आहे, पोलीस दारात येत नाहीत. आणि घरी सांगा रे. आईबापांना आठवडाभर अंधारात ठेवून तुमची झोप जाते, त्यांची वाचत नाही.

त्या डिसेंबरच्या मुलाचं सांगते. आम्ही सल्ला केंद्रात गेलो, तिथल्या बाईंनी सगळं वाचलं, फ्लॅटमध्ये कोण कोण राहतं आणि त्या वीकेंडला कोण होतं ते नीट लिहून घेतलं, त्याच्याकडून उत्तर पाठवलं, सही स्वतःच्या शब्दांतल्या वेगळ्या कागदावर केली, पैसे भरले नाहीत. फर्मकडून अजून दोन पत्रं आली, दुसऱ्यात रक्कम थोडी कमी केलेली. त्यानंतर काही नाही. प्रकरण संपलं असं मात्र म्हणता येत नाही, असे दावे कित्येक वर्षं उभे राहू शकतात, म्हणून फाईल मी त्याला जपून ठेवायला लावलीय. तो अजून पोस्टाची पेटी उघडताना थांबतो, हे त्यानंच मला सांगितलं. सोफ्यावरचा मित्र परत कधी आला नाही, त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला पत्र तुझ्या नावाचं आहे ना.

संपादक साहेब, हे पत्र छापणार असाल तर वाचकांच्या पत्रांत छापलंत तरी चालेल पण शक्य असेल तर शिक्षणाच्या पुरवणीत घ्या, आणि सप्टेंबरच्या आधी घ्या. पोरं महिनाअखेरीला निघतात, त्यानंतर छापून काही उपयोग नाही.

आपली,
एक वाचक
म्युनिक, जर्मनी
मूळ गाव सांगली